सही नसलेला निरोप

डोंबिवली पूर्वेच्या ‘शेजार’ सोसायटीत कुठल्याही जुन्या बिऱ्हाडाला मंदाकिनी सबनीस यांच्याबद्दल विचारा, पहिलं वाक्य ठरलेलं: “काकूंनी एकही निरोप कधी चुकवला नाही.” हे वाक्य इतक्या वेळा बोललं गेलंय की सोसायटीच्या नियमावलीत घातलं तरी कुणी हरकत घेणार नाही. ते ऐकलं की मंदाकिनीबाई पदर सावरतात, “अहो, त्यात काय एवढं” म्हणतात आणि घाईघाईने चहाचं विचारतात. लोकांना वाटतं, काय हा विनय! विनय कसला डोंबलाचा? बाईंना तेव्हा फक्त विषय बदलायचा असतो, कारण हे वाक्य खोटं आहे, हे साऱ्या सोसायटीत फक्त त्यांनाच ठाऊक.

गोष्ट जुनी आहे. १९७९ साली त्यांच्या यजमानांना, म्हणजे गुरुदत्तरावांना, कचेरीतून पहिल्या मजल्यावरच्या घरी फोन मिळाला. चोवीस बिऱ्हाडांच्या इमारतीत तो एकुलता एक, त्यामुळे महिन्याभरात तो चोवीसही बिऱ्हाडांचा झाला. लग्नपत्रिकेवर, नोकरीच्या अर्जावर, शाळेच्या फॉर्मवर सगळ्यांनी सबनिसांचाच नंबर घातला आणि पुढे ‘पी.पी.’ अशी दोन अक्षरं, म्हणजे फोन शेजारच्यांचा आहे, जरा बेताने करा. मंदाकिनीबाईंनी पहिल्याच आठवड्यात दोनशे पानी वही आणली, पुठ्ठ्यावर ‘निरोप वही’ असं लिहिलं आणि नियम करून टाकले. निरोप सांगणाऱ्याच्याच शब्दांत लिहायचा. खाली तो कसा पोचवला ते लिहायचं. ज्याचा त्याला मिळाला की सही घ्यायची, सहीपुढे वेळ. आणि एकदा सही झाली की ते पान पुन्हा उघडून वाचायचं नाही, कारण निरोप दुसऱ्याचा असतो.

घरोघरी फोन येईपर्यंत, सतरा वर्षांत, अशा एकतीस वह्या भरल्या. त्या माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत पडून होत्या. आणि अठराव्या वहीत, नव्वद साल उजाडायच्या थोडं आधी, एका निरोपाखाली सही नव्हती.

तो निरोप रीटाचा होता. रीटा परेरा म्हणजे तिसऱ्या मजल्यावर भावाच्या, जेरोमच्या बिऱ्हाडात राहणारी नर्स आणि मंदाकिनीबाईंची जिवाची मैत्रीण. निवृत्त झाल्यावर ती कळव्याला भाचीकडे, मिशेलकडे राहायला गेली, पण आजही सकाळी साडेदहाला दोघींचा फोन ठरलेला. साडेदहाला सबनिसांकडे कुकर लागत नाही, शिटीने बोलणं तुटतं म्हणून.

हे सगळं ट्रंकेत सुखाने झाकलेलं राहिलं असतं. पण सोसायटीला पन्नास वर्षं पुरी झाली आणि चेअरमन सौमित्र कारखानीस याला कल्पना सुचली. सौमित्र पस्तिशीचा, उत्साही, आणि हातात माइक आला की त्याला घरी परत नेणं त्याच्या बायकोलाही जमत नाही. त्याने मीटिंगमध्ये जाहीर केलं, की सुवर्णमहोत्सवाला काकूंच्या निरोप वह्या मोठ्या पडद्यावर लावायच्या, प्रत्येकाने आपलं नाव टाकायचं आणि आपले जुने निरोप वाचायचे. शेवटी काकूंचा सत्कार. शाल, श्रीफळ आणि मानपत्र: ‘एकही निरोप न चुकवणाऱ्या’ वगैरे. चोवीसही घरांच्या संमतीच्या सह्या त्याने दोन दिवसांत आणल्या, कळव्याला जाऊन रीटाचीसुद्धा. “आणि सर्चचं काम आपल्या अंतराकडे,” तो म्हणाला, आणि टाळ्या पडल्या.

अंतरा ही मंदाकिनीबाईंची नात, मुलगा साकेतची लेक. ठाण्यात राहते, माजिवड्याला एका कंपनीत नोकरी करते, आणि लोक खरेदीच्या साइटवर जे शोधतात ते त्यांना सापडावं, हेच तिचं काम. नात मांडीवर वाढलेली, समोर सगळी सोसायटी टाळ्या वाजवतेय. अशा वेळी ‘नाही’ कसं म्हणायचं? ‘अठरावी वही तेवढी नको’ म्हणावं, तर का नको ते सांगावं लागणार. मंदाकिनीबाईंनी मान डोलावली. पान फाडून टाकायचा विचार मनात आला नाही असं नाही, पण निरोप वहीचं पान फाडणं त्यांच्याच्याने झालं नसतं. ट्रंक ठाण्याला गेली. बाईंचं अक्षर छापल्यासारखं, त्यामुळे मशीनने ते भराभर वाचलं, आणि तीन आठवड्यांत नऊ हजार चारशे निरोप अंतराच्या लॅपटॉपमध्ये जाऊन बसले.

कार्यक्रम रविवारी होता. गुरुवारी अंतरा मुक्कामाला आली. मंदाकिनीबाई जेवणाच्या टेबलावर गवार मोडत होत्या, ती समोर लॅपटॉप घेऊन बसली.

“हे तुझं यंत्र निरोप वाचतं कसं गं?” त्यांनी अगदी सहज विचारल्यासारखं केलं.

“वाचत नाही आजी, निवडतं. तू गवार निवडतेस ना, सेम तसं.” अंतराने एक शेंग उचलली. “आधी अख्ख्या वाक्याचे तुकडे करायचे, एक एक शब्द सुटा. मग प्रत्येकाचं शेपूट मोडायचं. कल्याणला, कल्याणहून, कल्याणचा, सगळ्याचं नुसतं कल्याण. मग कचरा टाकायचा. आणि उरलेल्या एकेका शब्दापुढे लिहून ठेवायचं, की हा कुठल्या कुठल्या निरोपांत आलाय. बस, तयार.”

“आणि दोन शब्द दिले तर?”

“तर दोन याद्या समोरासमोर ठेवायच्या आणि दोन्हीकडे असलेले निरोप द्यायचे. कल्याण दिलं तर चारशे येतील, बारसं दिलं तर शंभर, कल्याण आणि बारसं दिलं तर तीनच. आणि मेन गोष्ट म्हणजे, शोधणाऱ्याचा प्रश्नपण तसाच निवडायचा. ज्या विळीवर निरोप चिरले, त्याच विळीवर प्रश्न चिरायचा. नाहीतर दोघांचे तुकडे जुळतच नाहीत.”

“कचरा म्हणजे कुठले शब्द?”

“जे सगळीकडेच असतात ते. आहे, आणि, होते. त्यांचा शोधायला काही उपयोग नाही ना. ‘आहे’ शोधलंस तर सगळ्या वह्या तुझ्या अंगावर येतील.”

“आणि कुठले टाकायचे ते कोण ठरवतं?”

“मी मशीनला सांगितलंय, जो शब्द दर तीन निरोपांतल्या एकात तरी दिसेल, तो काढून टाक.”

“टाकलेले तू बघितलेस?”

“आजी, नऊ हजार निरोप आहेत! कोण बघत बसणार?”

मंदाकिनीबाईंनी शिरांचा ढीग पुढ्यात ओढला, बोटांनी चाळला, त्यातून दोन चांगल्या शेंगा काढून ताटात टाकल्या आणि नातीकडे नुसतं पाहिलं. अंतराचं लक्ष पडद्यावर होतं.

शुक्रवारी दुपारी अंतरा सौमित्रबरोबर प्रोजेक्टर आणायला गेली आणि गुरुदत्तराव कानातलं यंत्र काढून पेपर तोंडावर घेऊन झोपले. मंदाकिनीबाईंनी लॅपटॉप उघडला. झाकण टक् वाजलं; गुरुदत्तरावांच्या कानात यंत्र असतं तर ते उठले असते. एका बोटाने एक एक अक्षर हुडकत त्यांनी लिहिलं: मस्कत.

एक निरोप सापडला.

‘दि. १४ नोव्हेंबर ८९, दु. ३.१०. रीटासाठी. मस्कतच्या हॉस्पिटलच्या एजंटचा फोन. नोकरी पक्की. सोमवारी सकाळी दहाला पासपोर्ट घेऊन ऑफिसात यावे. न आल्यास जागा दुसरीला.’

खाली कोरं. कसा पोचवला ते नाही, सही नाही.

छत्तीस वर्षांत हे पान त्यांनी उघडलं नव्हतं, तरी शब्द न् शब्द पाठ होता. त्या दिवशीची संध्याकाळही पाठ होती. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, साकेत अकरा वर्षांचा आणि सतत आजारी, गुरुदत्तराव फिरतीवर. अख्ख्या दिवसात हसायचं ते रीटा ड्यूटीवरून आली की. ती रोज दारात थांबायची, “काय आहे का गो वर न्यायला?” असं विचारायची, आणि वरच्या दोन मजल्यांचे निरोप घेऊन जायची, म्हणजे मंदाकिनीला सासूबाईंना सोडून जिने चढावे लागायचे नाहीत. त्याही संध्याकाळी तिने विचारलं. मंदाकिनीने तिच्या हातात दोन चिठ्ठ्या दिल्या. एक दुसऱ्या मजल्याची, एक तिसऱ्याची. रीटाची दिली नाही. उद्या देऊ म्हणाली स्वतःशी. मग परवा. मग सोमवार येऊन गेला.

रीटा मस्कतला गेली नाही. मंदाकिनीची मैत्रीण तिला राहिली. या गोष्टीचा आनंद झाला होता, हे त्यांना सर्वांत जास्त लागायचं.

आता रीटा रविवारी येणार, आपलं नाव टाकणार, आणि ती रीटा आहे, त्यामुळे बसून शेवटपर्यंत सगळे वाचणार. नेमके किती असतील ते पाहावं म्हणून मंदाकिनीबाईंनी लिहिलं: रीटा.

‘काहीही सापडले नाही.’

त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लिहिलं. काहीही सापडले नाही. क्षणभर काही कळेना. मग शिरांचा ढीग आठवला आणि लख्ख उजेड पडला. रीटा कचऱ्यात गेली होती! सगळीकडे होती म्हणून गेली होती. मंदाकिनीबाईंनी देवघरापाशी जाऊन हात जोडले, लॅपटॉप मिटला, आणि अंतरा परत आल्यावर तिला यातलं अक्षरही सांगितलं नाही. उलट संध्याकाळी साजूक तुपातला शिरा केला. “आज काय विशेष?” गुरुदत्तराव म्हणाले. “विशेष कशाला लागतं?” त्या म्हणाल्या आणि त्यांना दोनदा वाढलं.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये मांडव पडला. गाड्या बाहेर गेल्या, खुर्च्या आत आल्या, भिंतीवर पांढरा पडदा लागला आणि एका टेबलावर एकतीसही वह्या ओळीने मांडल्या गेल्या. रीटा नऊलाच हजर. मोरपंखी साडी, केसांना नवा रंग, हातात मिशेलने दिलेला घरच्या केकचा डबा. मंदाकिनीबाईंना तिने अशी मिठी मारली की सत्कारासाठी मुद्दाम माळलेला गजरा चपटा झाला.

खेळ मात्र रंगला. दुसऱ्या मजल्यावरच्या कल्पिताने स्वतःचं नाव टाकलं, तर थेट बारशाच्या दिवशीचा निरोप निघाला: ‘नाव कल्पिता ठेवले. आत्याला आवडलेले नाही. पेढे नको, बर्फी आणा.’ आत्या तिसऱ्या रांगेत बसलेल्या होत्या. त्या म्हणाल्या, अजूनही आवडत नाही. रमाबाईंच्या नावावर निघाला: ‘जावई जेवायला येणार. वांगे करू नये.’ त्यावर जावयाने उठून सांगितलं, की तरीही वांगंच केलं होतं. सगळा मांडव हसून हसून लोळला. मंदाकिनीबाईंनासुद्धा विसर पडायला लागला.

“आणि आता,” सौमित्र माइकमध्ये गरजला, “कळव्याहून खास आपल्यासाठी आलेल्या रीटाताई!”

रीटा पुढे आली. अंतराने तिच्यासाठी नाव लिहिलं. पडदा कोरा झाला आणि त्यावर ती ओळ उमटली: काहीही सापडले नाही.

अंतराने ‘रीटाला’ लिहून पाहिलं. मग ‘रीटाचा’. शेपटं मोडली की सगळं तेच, आणि उत्तरही तेच.

“अरेच्चा! रीटाताई, तुम्ही इथे राहायलाच नव्हतात की काय?” सौमित्र म्हणाला, आणि लोक हसले. त्यात वाईट मनाचं कुणी नव्हतं. रीटाही हसली, सगळ्यांत मोठ्याने हसली. “बघा, बत्तीस वर्षं मी इथे फुकट राहिलेली! नोंदच नाय!” असं म्हणून ती खुर्चीवर येऊन बसली. मग तिने चष्मा काढला आणि साडीच्या टोकाने पुसायला लागली. चष्मा स्वच्छ होता. ती पुसतच राहिली.

मंदाकिनीबाईंना ते पाहवेना. आपण वाचलो, हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्याच क्षणी हेही लक्षात आलं, की तोच गुन्हा आपण दुसऱ्यांदा करतोय. तेव्हाही ती दारात हसत उभी होती आणि आपण काही बोललो नव्हतो. शुक्रवारपासून सगळं माहीत असून आत्ताही गप्प बसलोय. लाज वाटली त्यांना, अगदी पायाच्या नखापर्यंत.

त्या उठल्या. “अंतरा, तू जे शब्द टाकलेस ना, त्यांची यादी लाव पडद्यावर.”

“आत्ता? आजी, ते टेक्निकल—”

“लाव.”

यादी आली. आहे, आणि, होते, फोन, निरोप, वाजता, उद्या, वर, धाडला, रीटा.

मांडवात कुजबुज झाली. अंतराने डोक्याला हात लावला. “ओह गॉड. मी बघितलंच नाही. रीटा आजी, सॉरी! तुझं नाव इतक्या निरोपांत आहे की मशीनला वाटलं…”

“थांब, मी सांगते,” मंदाकिनीबाईंनी सौमित्रच्या हातातून माइक घेतला. हे आजवर कुणाला जमलं नव्हतं. “वहीत प्रत्येक निरोपाखाली तो कसा पोचवला ते लिहायची माझी पद्धत. माझ्या सासूबाई नऊ वर्षं अंथरुणावर होत्या. मला दाराबाहेर पडता येत नव्हतं. वरच्या दोन मजल्यांचे सोळा घरांचे निरोप हिने पोचवले. रात्रपाळी करून आलेली असायची, पाय सुजलेले असायचे, तरी रोज. मी दर वेळी खाली एकच ओळ लिहायची: रीटाबरोबर वर धाडला. सत्कार माझा करताय, पण जिने हिने चढलेत. ती सगळीकडे आहे म्हणून या यंत्राला दिसली नाही. आपल्याला तरी कुठे दिसली? अंतरा, तिला परत घाल.”

अंतराने यादीतून शब्द काढला. यंत्र नऊ हजार निरोप पुन्हा निवडायला बसलं, त्याला अर्धं मिनिट लागलं. मग पडद्यावर आकडा आला: तीन हजार आठशे बारा. टाळ्या थांबेनात. रमाबाई तर उभ्या राहून वाजवत होत्या. रीटाने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि परत काढला, आता खरोखरच पुसायची गरज होती.

इथे गप्प बसलं असतं तरी चाललं असतं. तीन हजार आठशेंच्या गर्दीत तो एक निरोप कुणाला दिसला असता? मंदाकिनीबाईंनी हा हिशेबही केला. पण आता बसवेना. त्या टेबलापाशी गेल्या, अंतराला बाजूला सारलं आणि एका बोटाने ‘रीटा’च्या पुढे दुसरा शब्द लिहिला.

तीन हजार आठशे बाराचा एक झाला. पडद्यावर मोठ्या अक्षरांत मस्कतचा निरोप उभा राहिला, खाली कोऱ्या जागेसकट.

“हा मी दिला नाही,” मंदाकिनीबाई म्हणाल्या. माइक हातात होता, पण आवाज त्यात जेमतेम पोचला. “विसरले नाही. मुद्दाम दिला नाही. तू गेलीस तर मी काय करू, एवढंच डोक्यात होतं. मानपत्रातलं ते वाक्य खोडा, सौमित्र.”

सौमित्रने हातातलं मानपत्र हळूच टेबलावर ठेवलं.

रीटा पडद्याकडे बघत होती. निरोप तिने सावकाश, ओठ हलवत वाचला. मग म्हणाली, “तीन दहाला आलेला का? मला एजंट बोललेला, दुपारी कधीतरी.”

“एजंट? तुला बोलला?”

“मग! त्याने दवाखान्यातपण फोन लावलेला. बोलला, पी.पी.वर निरोप ठेवलाय. मी संध्याकाळी तुझ्या दारात आली, विचारलं, काय आहे का गो वर न्यायला. तू दोन चिठ्ठ्या दिल्यास. मी म्हटलं, अजून एक देईल. तू आत गेलीस नि भाजीला फोडणी घातलीस.”

मंदाकिनीबाई मागच्या खुर्चीवर बसल्या.

“सोमवारी मी गेलेली त्या ऑफिसात,” रीटा पुढे सांगू लागली. आता ती सगळ्या मांडवाला सांगत होती. “तो बोलला, पंधरा दिवसांत निघा. मी म्हटलं, माझ्या बिल्डिंगीत दोन बायकांचे दिवस भरत आलेत, त्यांचं होऊ दे, डिसेंबर संपू दे. तो बोलला, जागा थांबत नाय. मी बोलली, तर मग राहू दे.” तिने सौमित्रकडे बोट केलं. “त्या दोघींतल्या एकीचा हा. तेव्हापण असाच ओरडत आलेला.”

मांडव पुन्हा हसला. सौमित्रने रिकाम्या हाताने कपाळ पुसलं.

“तेव्हा तुझ्या निरोपावाचून माझं काही अडलेलं नाय,” रीटा म्हणाली. “उगाच स्वतःला एवढी मोठी समजू नको.”

“आणि छत्तीस वर्षं तू मला बोलली नाहीस?”

“तू बोललीस?” रीटाचा आवाज जरा चढला. “पहिलं वर्षभर राग होता. खूप होता, खोटं कशाला सांगू. रोज तुझ्या दारात यायची ती बघायला यायची, की आज सांगते का. मग तुझी सासू गेली, मग साकेतचं शिक्षण, मग माझी आई. राग कुठे गेला ते कळलंच नाय. वाट बघायची सवय तेवढी राहिली. म्हटलं, बघू हिच्या पोटात किती राहतं.”

“राहिलं गं राहिलं,” मंदाकिनीबाई म्हणाल्या, आणि हसता हसता त्यांना रडू फुटलं. “फार जड होतं पण.”

“होऊ दे. आता दे.”

“काय?”

“निरोप! नुसता पडद्यावर दाखवतात का? रीतसर दे.”

रीटा उठली आणि जिन्याकडे गेली. तीन पायऱ्या चढून कठड्याला धरून उभी राहिली. त्याहून वर जायला गुडघे तयार नव्हते. मंदाकिनीबाईंनी डोळे पुसले, पदर खोचला आणि जिन्याच्या तळाशी जाऊन उभ्या राहिल्या, सतरा वर्षं आपल्या दारातून वर हाका मारायच्या तशा.

“रीटाऽऽ! तुझा निरोप आहे गं!”

“काय गोऽऽ?” वरून, म्हणजे तीन पायऱ्यांवरून, उत्तर आलं.

“मस्कतच्या हॉस्पिटलच्या एजंटचा फोन होता. नोकरी पक्की. सोमवारी सकाळी दहाला पासपोर्ट घेऊन ऑफिसात ये. नाही आलीस तर जागा दुसरीला.”

रीटाने विचार केल्यासारखं केलं. “त्याला सांग, बिल्डिंगीत काम आहे. दुसरीला दे.”

अंतराने टेबलावरून अठरावी वही शोधून, ते पान उघडून आणलं. सौमित्रने खिशातलं पेन दिलं. मंदाकिनीबाईंनी वही जिन्याच्या कठड्यावर ठेवली आणि छत्तीस वर्षं कोऱ्या राहिलेल्या जागेत, त्याच छापल्यासारख्या अक्षरात, कसा पोचवला ते लिहिलं: ‘स्वतः दिला.’ त्याच्याखाली रीटाने सही केली, आणि सहीपुढे वेळ घातली, अकरा वाजून वीस मिनिटं, कारण तो मंदाकिनीचा नियम होता.

मग सत्कार झाला. शाली दोन हव्या होत्या आणि एकच आणली होती, तेव्हा सौमित्रने ती दोघींच्या खांद्यांवर मिळून घातली. मानपत्र वाचताना तो त्या वाक्यापाशी अडखळला. वाचावं की गाळावं, म्हणून त्याने काकूंकडे पाहिलं.

“वाच की रे,” रीटाच आधी म्हणाली. “आता चुकलाय कुठला?”

“एकही निरोप न चुकवणाऱ्या,” सौमित्रने वाचलं, आणि मांडवाने टाळ्या वाजवल्या. मंदाकिनीबाईंनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. चहाचं विचारलं नाही.